घर बदलण्याआधीची रंगीत तालीम

आज कवितेविषयी बोलणार नाही. आपल्या रोजच्या संगणकाच्या पोटात दुसरा, आभासी संगणक कसा उभा करायचा आणि त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली कशी बसवून पाहायची, हा आजचा विषय आहे. ऐकायला हे काम इंजिनिअरचं वाटतं. मी तर साधा बी. ए. झालेला, आयुष्यभर शब्दांशी खेळलेला माणूस. पण ज्याला एखादं पत्र टाइप करून ई-मेलनं पाठवता येतं, त्याला हे एका निवांत दुपारी जमू शकतं. शिवाय आज अनेक घरांत त्याची गरजही आहे.

गरज का, ते आधी सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे त्या दिवशी संगणक बंद पडले असं नाही. ते चालूच राहिले. पण प्रणालीत चोरवाटा सापडल्या की त्या बुजवणाऱ्या दुरुस्त्या मिळतात, त्यांचा नेहमीचा ओघ थांबला. काही काळापुरती वाढीव दुरुस्त्यांची सोय कंपनीनं ठेवली, पण ती मुदतीचीच. पुढची विंडोज ११ घ्यावी म्हटलं, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. म्हणून चांगले धडधाकट असलेले कितीतरी संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. यंत्रात बिघाड नाही, स्क्रीन ठणठणीत, कीबोर्डवरची अक्षरंही अजून पुसलेली नाहीत, आणि तरी सल्ला एकच: नवा घ्या.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. वय सत्तरीच्या पुढे. शेतीतले आणि बलुतेदारीतले मावळत चाललेले शब्द ते कित्येक वर्षं गोळा करताहेत. मोट, नाडा, शिवळ, रुमणं, चाडं असे शब्द, त्यांचे अर्थ, आणि कोणत्या गावी कोणाच्या तोंडून ऐकले त्याची नोंद. सगळं त्यांच्या घरच्या संगणकात आहे. मला ते म्हणाले, “शायर, मशीन बदला म्हणतात. मशीनचं काही नाही हो, पेन्शनमधून घेईन. पण माझे शब्द नव्या ठिकाणी उतरतील का?” मी म्हटलं, “गुरुजी, उतरतील की नाही ते घर न सोडताच पाहता येतं.” हे पाहण्याचं साधन म्हणजेच आभासी यंत्र. नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात. कपडे खरे, दिवे खरे, फक्त तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो. चूक झाली तर पडदा पाडून पुन्हा सुरू करता येतं. आभासी यंत्राचंही तसंच आहे.

ही कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात संगणक खोली भरून टाकणारा आणि प्रचंड महाग असे. एका यंत्रावर अनेकांनी काम करावं, पण प्रत्येकाला आपल्यासमोर स्वतंत्र यंत्र आहे असं वाटावं, म्हणून आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या मंडळींनी एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवून दाखवली. १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावानं ती सोय बाजारात जाहीर झाली. घरगुती संगणकावर हे यायला वेळ लागला. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीनं ते साध्य केलं, आणि २००५-०६च्या सुमारास इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी वेगळी सोय केली. २००७ मध्ये जर्मनीतल्या इनोटेक या कंपनीनं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर खुलं केलं. ते पुढे सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. आम्ही वापरलं ते हेच.

या क्षेत्रातले दोन शब्द मला फार आवडले. मूळ संगणकाला ‘होस्ट’ म्हणतात आणि आत उभ्या केलेल्या संगणकाला ‘गेस्ट’. म्हणजे यजमान आणि पाहुणा. यजमान आपल्या शिध्यातला काही वाटा पाहुण्याला काढून देतो: थोडी मेमरी, थोडी डिस्क, प्रोसेसरचा काही वेळ. पाहुण्याला मात्र वाटतं की हे सगळं घर माझंच. त्यानं त्याच्या खोलीत कितीही पसारा केला, तरी यजमानाच्या कपाटापर्यंत त्याचा हात सहसा पोचत नाही. मधलं दार आपणच उघडलं तर गोष्ट वेगळी.

आता हा पाहुणा कोण, तेही सांगायला हवं. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते हवं त्या कामासाठी चालवता यावं, आतून कसं चालतं ते पाहता यावं, बदलता यावं आणि दुसऱ्याला देता यावं, असा त्यांचा आग्रह होता. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी कार्यप्रणालीचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. १९९२ मध्ये तो ग्नूच्या परवान्याखाली आला आणि दोन्ही प्रवाह मिळाले. आज आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच गाभा आहे. जगातल्या सर्वांत बलवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातले सगळेच्या सगळे संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात. केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलं याच प्रणालीवर संगणक शिकतात.

इथे भाषेचा एक मुद्दा सांगतो. स्टॉलमन आयुष्यभर एक गोष्ट समजावत आले: इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाचा अर्थ इथे पैसे न पडणारं असा नाही, तर स्वातंत्र्य असलेलं असा आहे. इंग्रजीला तिथे एकच शब्द आहे, त्यामुळे घोटाळा होतो. मराठीत तो होत नाही. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. लिनक्सला बहुधा पैसे पडत नाहीत, पण त्याचं मोल फुकटपणात नाही. उद्या एखाद्या कंपनीनं लक्ष काढून घेतलं, तरी दुसऱ्या कोणीतरी ते काम पुढे नेण्याची वाट बंद होत नाही, हे त्याचं मोल.

लिनक्सच्या या गाभ्याभोवती वेगवेगळ्या मंडळींनी सजवलेली अनेक घराणी आहेत. १९९३ मध्ये डेबियन सुरू झालं, त्याच्या आधारानं २००४ मध्ये उबुंटू आलं आणि उबुंटूच्या आधारानं २००६ मध्ये लिनक्स मिंट. आम्ही मिंट निवडलं, कारण त्याचा पडदा विंडोजची सवय असलेल्या माणसाला परका वाटत नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. त्याची २२वी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी गुरुजींच्या सगळ्या फायलींची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली. आभासी यंत्र कितीही सुरक्षित असलं तरी ही पायरी सोडू नये. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ चालू आहे का ते पाहिलं. बंद असेल तर संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं.

त्यानंतर दोन गोष्टी इंटरनेटवरून उतरवायच्या. एक व्हर्च्युअलबॉक्स आणि दुसरी मिंटची आयएसओ फाइल. आयएसओ म्हणजे प्रणालीची संपूर्ण सीडी एका फायलीत गुंडाळलेली. तिचा आकार सुमारे तीन जीबी. दोन्ही मूळ ठिकाणाहूनच घ्याव्यात. मिंटच्या संकेतस्थळावर आयएसओसाठी ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळखखूण दिलेली असते. उतरवलेल्या फायलीची खूण काढून ती या खुणेशी ताडून पाहावी. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल वाटेत बिघडली किंवा कोणी बदलली, असं समजायचं.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘नवं यंत्र’ म्हणायचं. ते नाव विचारतं. गुरुजींनी ‘ओसरी’ असं नाव दिलं. पाहुण्याला आधी ओसरीवरच बसवायचं, हा त्यांचा हिशेब! त्यांच्या संगणकाला आठ जीबी मेमरी होती, त्यातली चार पाहुण्याला दिली. निम्म्याहून जास्त देऊ नये, नाहीतर यजमानच उपाशी राहतो आणि दोघेही रखडतात. प्रोसेसरचे दोन भाग दिले. डिस्क तीस जीबीची दिली. ही डिस्क म्हणजे विंडोजमधली एक फाइलच असते. ‘लागेल तशी वाढणारी’ हा पर्याय ठेवला तर ती एकदम तीस जीबी जागा अडवत नाही. मग आयएसओ फाइल कुठे आहे ते दाखवायचं. यंत्र ‘सगळी स्थापना मी आपोआप करू का’ असं विचारेल. तिथे नको म्हणावं. तालीम आपल्याला करायची आहे, तर प्रत्येक पायरी आपल्या डोळ्यांसमोर व्हावी.

‘सुरू’ म्हटल्यावर एका चौकटीत मिंट उघडतं. अजून काहीच बसवलेलं नसतं, तरी ते चालतं. फिरून पाहावं, मग पडद्यावरच्या ‘स्थापना करा’ या चिन्हावर क्लिक करावं. पहिला प्रश्न भाषेचा. यादीत मराठी आहे. ती निवडल्यावर पुढची पानं पुष्कळशी मराठीत येतात, काही ओळी इंग्रजीत राहतात. भाषांतराचं हे काम कुठल्या एका कंपनीचं नाही, माणसं आपला वेळ काढून ते करतात. जिथे कोणी हात लावला नाही तिथे इंग्रजी उरते. म्हणजे मराठीच्या त्या रिकाम्या जागा भरण्याचं काम आपल्यालाही खुलं आहे.

मग येतो तो प्रश्न, ज्याच्यापाशी माणसं थबकतात. पडद्यावर येतं: डिस्क पुसून लिनक्स मिंट स्थापित करा. गुरुजींनी माझा हात धरला. म्हणाले, “थांबा शायर. पुसून म्हणतंय ते.” मी म्हटलं, “गुरुजी, आकडा वाचा. किती जीबीची डिस्क दाखवतंय?” त्यांनी चष्मा सारखा केला. “तीस.” “तुमची खरी डिस्क केवढी?” “पाचशेची.” “म्हणजे त्याला तुमची डिस्क दिसतच नाही. आपण मघाशी दिलेली कोरी पाटीच ते पुसतंय.” त्यांनी स्वतःच्या बोटानं ती कळ दाबली. हाच प्रश्न खऱ्या संगणकावर आला असता, तर उत्तराचा अर्थ अगदी वेगळा झाला असता. तिथे ‘पुसा’ म्हणजे खरोखरच सगळं पुसा. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की माणूस तो विसरत नाही.

पुढे वेळेसाठी कोलकाता हे ठिकाण निवडायचं. आपली भारतीय वेळ संगणकाच्या जगात त्या शहराच्या नावानं ओळखली जाते. मग नाव आणि पासवर्ड. त्यानंतर चहा करायला पुरेल एवढा वेळ मिळतो, कारण फायली उतरत राहतात. शेवटी ‘पुन्हा सुरू करा’ येतं, स्थापनेचं माध्यम काढून एंटर दाबा अशी सूचना येते, आणि आपल्या नावाचं लिनक्स समोर उभं राहतं. चौकट लहान वाटली तर व्हर्च्युअलबॉक्सची ‘गेस्ट ॲडिशन्स’ ही जोडणी बसवावी, म्हणजे पडदा खिडकीच्या मापाचा होतो. माउस आत अडकला तर उजवी कंट्रोल कळ दाबावी, तो बाहेर येतो.

मराठी लिहिण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी मांडणी जोडली. इनस्क्रिप्टही आहे आणि उच्चारानुसार लिहायची सोयही आहे. मी माझ्यासाठी उर्दूचीही मांडणी जोडून घेतली. एका कळीच्या दाबानं डावीकडून उजवीकडे लिहिणारी ओळ उजवीकडून डावीकडे वळते. माझ्यासारख्याच्या घरात या दोन्ही लिप्या पहिल्यापासून एकाच टेबलावर आहेत, त्यामुळे मला त्याचं अप्रूप नाही, समाधान मात्र आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात भारतीय लिप्यांसाठी पुष्कळ काम झालं आहे. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी हाताळलेले ‘लोहित’ फाँट त्यातलेच.

आणि मग तालमीचं खरं फळ हाती आलं. गुरुजींच्या फायलींची एक प्रत मधल्या सामायिक फोल्डरमधून, ‘फक्त वाचा, बदलू नका’ अशा अटीवर पाहुण्याकडे दिली. मिंटमध्ये लिबरऑफिस आधीच असतं, त्यात एकेक उघडली. अलीकडच्या फायली सुरेख दिसल्या. पण जुन्या वर्षांतल्या फायली उघडल्या आणि ‘मोट’ नाही, ‘नाडा’ नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची रांग. गुरुजींचा चेहरा पडला. “गेले का हो?” त्यांनी विचारलं.

गेले नव्हते. कारण असं. युनिकोडचा वापर सर्वत्र रुळण्याआधी मराठी टाइप करण्याचे अनेक फाँट असे असत की आत साठवलेलं अक्षर इंग्रजी आणि त्यावर मुखवटा मराठी. तो फाँट ज्या संगणकावर आहे तिथे मुखवटा दिसतो, जिथे नाही तिथे उघडं तोंड दिसतं. युनिकोडमध्ये ‘म’साठी ‘म’चाच स्वतंत्र क्रमांक आहे, तो जगात कुठेही ‘म’च राहतो. म्हणजे दोष लिनक्सचा नव्हता आणि तो फक्त लिनक्सवर दिसणारही नव्हता. त्या फाँटाविना नव्या विंडोजवरही हेच झालं असतं. दुकानदारानं जुना संगणक बदल्यात नेला असता, आणि मग हे कळलं असतं.

अशा फायली युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तकं आहेत. पण ती आंधळेपणानं वापरू नयेत. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट: जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. यंत्र ही अदलाबदल करतं, पण जोडाक्षरांत कधीकधी ठेचकाळतं. ज्या शब्दसंग्रहात प्रत्येक नोंद हीच एक साक्ष आहे, तिथे ‘शिवळ’चं ‘शवळि’ झालं तर पुढच्या पिढीला तो चुकीचा शब्दच खरा वाटेल. म्हणून गुरुजींनी त्या दिवशी घर बदललं नाही. जुनं विंडोज ठेवलं, त्याचं इंटरनेट तोडलं, आणि जुना फाँट जिथे अजून जिवंत आहे तिथेच फायली बदलून, मूळ पानाशेजारी ठेवून ते रोज थोडे थोडे शब्द तपासताहेत. तपासून झालेलं पान ओसरीवर जातं. मी जाता-येता डोकावतो, तर म्हणतात, “आज ‘त’ संपला.”

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाहुणा नेहमी खऱ्या यंत्रापेक्षा थोडा मंद चालतो, कारण शिधा वाटून घेतलेला असतो. तेवढ्यावरून लिनक्सच मंद आहे असं ठरवू नये. दुसरं, पाहुण्याला दिसतं ते हार्डवेअर बरंचसं काल्पनिक असतं. तुमचं खरं वाय-फाय, खरा आवाज लिनक्सवर चालेल की नाही, हे या तालमीत कळत नाही. त्यासाठी आयएसओ पेन ड्राइव्हवर उतरवून, काही न बसवता, संगणक त्यावरून सुरू करून पाहावा. तिसरं, आभासी यंत्राचं ‘स्नॅपशॉट’ घेता येतं, म्हणजे यंत्र आत्ता आहे त्या अवस्थेची नोंद. काही बिघडलं तर त्या क्षणाला परत जाता येतं. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. खरी डिस्क मोडली तर यजमान, पाहुणा आणि स्नॅपशॉट, तिघेही एकदमच जातात. आणि चौथं, जुनं विंडोज इंटरनेटवर उघडं ठेवून आत लिनक्स चालवलं, म्हणून विंडोज सुरक्षित होत नाही. यजमानाच्या दाराची कडी वेगळीच लावावी लागते.

तालीम झाल्यावर कोणी लिनक्सकडे जाईल, कोणी नवा संगणक घेईल, कोणी दोन्ही ठेवेल. मी कुणाला काही सोडायला सांगत नाही. माझं सांगणं एवढंच की निर्णय आपण पाहून घ्यावा, भीतीनं किंवा कोणी मुदत दिली म्हणून घेऊ नये. आपल्या पिढीनं लिहिलेलं बरंच काही आता कागदावर नाही. पत्रं, कीर्तनांची टिपणं, घराण्यांच्या वंशावळी, संस्थांची इतिवृत्तं, कवितांच्या वह्या, सारं कुठल्या ना कुठल्या संगणकात निजलेलं आहे. त्यातलं किती जागं होईल, हे कोणी तपासलेलं नाही.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. लिनक्स बसवा किंवा बसवू नका. पण आपल्या घरातली सर्वांत जुनी मराठी फाइल शोधा आणि ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर किंवा फोनवर उघडून पाहा. मराठी दिसली तर उत्तम. नाही दिसली, तर जुना संगणक भंगारवाल्याला देण्याची घाई करू नका. त्या शब्दांची किल्ली अजून त्याच्याकडेच आहे.